अलॅना मॅकटिअर्नन – मँडुरा रेल्वेवाल्या मंत्रीबाई

स्वानकाठी

ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावर इथे जे धागे निघतात ते बहुतेक कॅनबेराचे असतात, पंतप्रधान कोण, कोणी कोणाची खुर्ची ओढली, व्हिसाचे नियम काय बदलले वगैरे. राज्य सरकारांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आणि इथे राहणाऱ्याचं रोजचं जगणं बघाल तर शाळा राज्याची, हॉस्पिटल राज्याचं, पोलीस राज्याचे, ट्रेन-बस राज्याची. म्हणून आज वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या एका मंत्रीबाईंबद्दल लिहितोय, अलॅना मॅकटिअर्नन. प्रीमियर म्हणजे आपल्याकडचं मुख्यमंत्रीपद त्यांना कधी मिळालं नाही, भारतात त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नसणार, पण पर्थच्या दक्षिणेला राहणाऱ्या माझ्यासारख्यांची सकाळ कशी जाते हे त्यांनी २००१ साली ठरवलं. मंत्र्याचं काम मोजायचं तर असंच मोजावं असं माझं ठाम मत आहे, की त्याचा कुठला निर्णय वीस वर्षांनंतरही लोकांच्या उपयोगी पडतोय.

जन्म १९५३ चा, मेलबर्नचा. पर्थला येऊन शिकल्या, कायद्याची पदवी घेतली, वकिली केली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पर्थ महापालिकेत नगरसेविका झाल्या. १९९३ ला लेबर पार्टीकडून राज्याच्या विधान परिषदेत गेल्या. इथेही महाराष्ट्रासारखी दोन सभागृहं आहेत, फक्त परिषदेवरही थेट जनताच निवडून देते. १९९६ ला परिषद सोडून आर्माडेलमधून विधानसभेवर आल्या. आर्माडेल म्हणजे पर्थचं आग्नेय टोक, कष्टकरी लोकांची वस्ती, तेव्हा शहरातले लोक नाक मुरडायचे त्या भागाला.

आता रेल्वेची गोष्ट, आणि ती थोडी मागून सांगावी लागेल. १९७९ साली चार्ल्स कोर्ट यांच्या लिबरल (लेबरचा मुख्य विरोधी पक्ष) सरकारने पर्थ-फ्रीमँटल ही शहरातली लोकल लाइन बंद केली. विचार असा की लोकांकडे गाड्या आहेत, उरलेल्यांना बस पुरे. पीटर न्यूमन नावाच्या तरुण प्राध्यापकाने आणि त्याच्या सोबत्यांनी सह्यांची मोहीम चालवली, लाखभर सह्या जमवल्या, आणि १९८३ ला बर्क यांचं लेबर सरकार आल्यावर लाइन परत सुरू झाली. त्यानंतर विद्युतीकरण झालं, १९९२ च्या डिसेंबरात उत्तरेकडे जूनडलपची लाइन आली. दक्षिण बाजू मात्र कोरडीच. रॉकिंगहॅम, मँडुरा इथली वस्ती वाढत होती आणि सगळे गाड्या घेऊन क्विनाना फ्रीवे या महामार्गावर.

नव्वदच्या दशकात रिचर्ड कोर्ट प्रीमियर होते, चार्ल्स कोर्ट यांचेच चिरंजीव. वडिलांनी लाइन बंद केली आणि मुलाच्या सरकारने दक्षिणेच्या रेल्वेचा आराखडा केला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांचा मार्ग वळसा घालणारा होता. पर्थहून निघायचं ते आर्माडेल लाइनवरून केनविकपर्यंत आग्नेयेला जायचं, मग तिथून पश्चिमेला वळून मालगाडीच्या पट्ट्याच्या बाजूने फ्रीवेला यायचं आणि मग दक्षिणेला. कारण सोपं होतं, त्यात शहराच्या पोटातून बोगदा काढावा लागत नव्हता आणि नदीवरचा नवा खटाटोपही नव्हता.

फेब्रुवारी २००१ ला जेफ गॅलप यांचं लेबर सरकार आलं आणि मॅकटिअर्नन प्लॅनिंग आणि इन्फ्रास्ट्रक्चर मंत्री झाल्या. काही महिन्यांतच त्यांनी मार्ग बदलला. सरळ फ्रीवेच्या मधल्या पट्ट्यातून, नॅरोज पुलाजवळ स्वान नदी ओलांडायची, शहरात विल्यम स्ट्रीटखालून बोगदा आणि जमिनीखाली नवीन स्टेशन. मँडुराहून येणाऱ्याची साधारण १२ मिनिटं वाचणार होती. ऐकायला १२ मिनिटं काहीच नाही, पण जो माणूस गाडी सोडून ट्रेन पकडेल की नाही याचा विचार करतोय त्याच्यासाठी तेवढ्यानेच पारडं फिरतं, कारण केनविकवरून ट्रेन गाडीपेक्षा हळू पडली असती आणि फ्रीवेतून ती शेजारच्या गाड्यांना मागे टाकत जाते.

शिव्या भरपूर खाल्ल्या त्यांनी. आराखडा तयार असताना बदलायची गरज काय, खर्च वाढणार, नदीकाठची भर घातलेली वाळूची जमीन, तिथे बोगदा खचेल, फ्रीवेवर बसची लेन चालू आहे ती कशाला काढता. काम रखडलंही, ठरल्यापेक्षा साधारण वर्षभर उशीर, बोगद्याच्या कंत्राटदाराशी जादा पैशांवरून वाद, खाणींची तेजी ऐन भरात असल्याने मजूर मिळेनात. २००६ च्या जानेवारीत गॅलप यांनी डिप्रेशनवर उपचार घेण्यासाठी राजीनामा दिला (हे त्यांनी पत्रकारांसमोर मोकळेपणाने सांगितलं, त्यावर वेगळा धागा व्हायला हवा), अ‍ॅलन कारपेंटर प्रीमियर झाले, पण रेल्वेचं खातं बाईंकडेच राहिलं. २३ डिसेंबर २००७ ला लाइन सुरू झाली. सत्तर किलोमीटरच्या वर लांबी, पूर्ण न्यू मेट्रोरेल प्रकल्पाचा खर्च १.६६ अब्ज डॉलर, ज्यात उत्तरेला क्लार्कसनपर्यंतची वाढ आणि थॉर्नलीचा फाटाही आला. न्यूमन यांनी लिहून ठेवलंय की ज्या पट्ट्यात बसने रोज १४ हजार लोक जायचे तिथे ट्रेनने ५० हजारांच्या घरात जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी सप्टेंबर २००८ ला लेबर हरलं. त्यानंतरची त्यांची कारकीर्द मला जास्त आवडते पण आधीच लांबलंय, प्रतिसादांत लिहितो.

---

मेघना_बुलक्रीक

किती छान विषय घेतलास दादा! मी ही लाइन रोज वापरते पण मागे एवढं रामायण झालंय हे माहीत नव्हतं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बुल क्रीकचं स्टेशन फ्रीवेच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट, आणि बस स्टेशन त्याच्या वरच्या मजल्यावर. बस वर येऊन थांबते, उतरायचं, स्मार्टरायडर कार्ड टेकवायचं, सरकत्या जिन्याने खाली प्लॅटफॉर्मवर. पावसाळ्यात छत्री उघडावी लागत नाही. आमच्या घराजवळच्या बसचं वेळापत्रक ट्रेनला जुळवलेलं आहे आणि तिकीट एकच, बसमध्ये सुरू झालेलं ट्रेनमध्ये चालतं. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या तेव्हा त्यांना इंग्लिश फार येत नाही तरी एकट्या शहरात जाऊन यायच्या. मी ऑफिसात असताना त्या एलिझाबेथ कीला नदीवर बसून यायच्या, त्यांना कोणाला गाडीने सोड म्हणावं लागलं नाही. गाडी न चालवणाऱ्या बाईला या शहरात हे केवढं मोठं आहे हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

एकच तक्रार, प्लॅटफॉर्मवर फ्रीवेचा आवाज आणि उन्हाळ्यात डांबराची झळ, फोनवर बोलता येत नाही अजिबात.

---

रुळप्रेमी_डोंबिवली

वाचतोय, माहितीपूर्ण धागा. दोन प्रश्न. गेज कुठलं? आणि फ्रीवेमधली स्टेशनं म्हणजे आजूबाजूला चालत जाण्यासारखी वस्तीच नसणार, मग प्रवासी येतात कुठून?

---

स्वानकाठी

@रुळप्रेमी गेज १०६७ मिमी, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा किंचित रुंद. आणि त्या अरुंद रुळांवर गाडी १३० च्या वेगाने जाते, वरच्या तारेतून २५ केव्ही एसी वीज. मँडुरा ते पर्थ पन्नास मिनिटांच्या आसपास.

दुसरा प्रश्न अगदी मुद्द्याचा. स्टेशनाभोवती चालत येणारे कमीच, म्हणून सगळा डोलारा बसवर आणि पार्किंगवर उभा केला. मेघनाने लिहिलं तसं बस वरच्या मजल्यावर आणायची आणि माणसाला दोन मिनिटांत खाली उतरवायचं. स्टेशनं कमी आणि लांब लांब, त्यामुळे वेग टिकतो. टीकाकार म्हणायचे की पर्थसारख्या पसरलेल्या शहरात, जिथे प्रत्येक घराला अंगण आणि दोन गाड्या, तिथे रेल्वे चालणारच नाही. बाईंचं आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की शहर पसरलेलं आहे तर ट्रेन वेगवान ठेवा आणि बस तिच्याकडे वळवा. ते खरं ठरलं.

---

लीचहायवे

लेख चांगला आहे पण एकतर्फी वाटला. मी ज्या रस्त्याचं नाव घेतलंय त्याच्या शेजारी राहतो, त्यामुळे बाईंची दुसरी बाजू लिहिणं मला भाग आहे.

फ्रीमँटल बंदरात जाणारे कंटेनरचे ट्रक लीच हायवेवरून जातात. शहराच्या आराखड्यात कित्येक वर्षांपासून त्या ट्रकसाठी एक वेगळा मार्ग राखून ठेवला होता, रो हायवे पश्चिमेला वाढवायचा आणि पुढे फ्रीमँटल ईस्टर्न बायपास. मॅकटिअर्नन मंत्री असताना बायपासची राखीव जागा आराखड्यातून काढून टाकली आणि जमीन घरांसाठी विकायला काढली. म्हणजे पुढच्या सरकारला हवा असता तरी रस्ता करता येऊ नये अशी व्यवस्था. नंतर बार्नेट यांच्या लिबरल सरकारने २०१६ च्या शेवटी रो ८ (रो हायवेची हीच पश्चिमेकडची वाढ) सुरू केला, बीलियरच्या पाणथळ जागेत झाडं तोडली, प्रचंड आंदोलन झालं, मार्च २०१७ ला लेबर आलं आणि काम बंद. झाडं गेली ती गेली आणि रस्ताही नाही. ट्रक आजही आमच्या घरासमोरून जातात. माझ्या मुलीच्या शाळेसमोरचा सिग्नल ओलांडताना माझा जीव मुठीत असतो.

रेल्वेचं श्रेय त्यांना आहेच. पण ज्यांनी वाहतूक आणि प्लॅनिंग दोन्ही खाती सांभाळली त्यांनी मालवाहतुकीचं उत्तर दिल्याशिवाय राखीव जागा पुसायला नको होती.

---

सई_मेलबर्न

@लीचहायवे यांना अनुमोदन आहे पण एक सांगावंसं वाटतं. राखीव जागा वर्षानुवर्षं आराखड्यावर पडून राहिली म्हणजे तिथल्या घरांचंही तेवढी वर्षं काही होत नाही, ना दुरुस्ती ना विक्री, आमच्याकडे मेलबर्नला असे पट्टे मी बघितलेत. कोणीतरी हो किंवा नाही म्हणावं लागतं.

आणि मूळ लेखात कामगारांचा उल्लेख एका ओळीत गेला तो मला कमी वाटला. या रेल्वेच्या कामावर २००६ च्या फेब्रुवारीत संप झाला होता, युनियनच्या प्रतिनिधीला कामावरून काढलं म्हणून. केंद्रातल्या हॉवर्ड सरकारने तेव्हा बांधकाम क्षेत्रासाठी जो आयोग नेमला होता त्याने १०७ कामगारांवर वैयक्तिक खटले भरले, म्हणजे युनियनवर न भरता एकेका माणसावर. देशभर गाजलं होतं ते प्रकरण. रेल्वे लेबरच्या राज्य सरकारची आणि खटला लिबरलच्या केंद्राचा. ज्यांनी बोगद्यात काम केलं त्यांच्या घरी कोर्टाची नोटीस गेली हे या लाइनच्या इतिहासात यायलाच पाहिजे.

---

स्वानकाठी

@सई, १०७ जणांची गोष्ट सविस्तर लिहिलीस ते फार बरं झालं.

@लीचहायवे तुमचा त्रास खराच आहे आणि तो मी नाकारणार नाही. माझं मत वेगळं एवढ्यासाठी की बायपास झाला असता तरी ट्रक शेवटी फ्रीमँटलच्या त्याच जुन्या बंदराशी जाऊन अडकले असते, तिथे नदीच्या मुखाशी जागाच नाही. उत्तर बंदर हलवण्यात आहे, क्विनानाला नवीन बंदर करायचं सरकारने ठरवलंय ते म्हणूनच. पण ते होईपर्यंत तुमच्या मुलीची शाळा होऊन जाईल हेही तितकंच खरं.

बाईंना रस्त्यांचं वावडं होतं असं मात्र कोणी समजू नये. पर्थहून बनबरीला जाताना मँडुरा टाळून जाणारा जो नवा रस्ता आहे, फ्रीवेची वाढ आणि पुढे फॉरेस्ट हायवे मिळून सत्तर किलोमीटरचा, त्याचं काम २००६ ला त्यांच्याच काळात सुरू झालं. २००९ च्या सप्टेंबरात उघडला तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं.

---

हडपसरकर

मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे प्लॅनिंग आणि वाहतूक एकाच मंत्र्याकडे असणं. आमच्या पुण्यात मेट्रो महामेट्रोची, हिंजवडीची लाइन पीएमआरडीएची, बस पीएमपीची, रस्ते महापालिकेचे, आणि इमारतींना परवानगी देणारं खातं वेगळंच. मेट्रोतून उतरलं की पुढे बस कुठे मिळेल हे रिक्षावाल्याला विचारावं लागतं. तिकडे हे सुरुवातीपासून एकत्र होतं की बाईंनी करून घेतलं?

---

स्वानकाठी

@हडपसरकर २००१ ला गॅलप सरकारने प्लॅनिंग आणि वाहतूक ही खाती एका विभागात आणली आणि मंत्रीही एकच नेमला. पुढे २००३ ला ट्रेन-बससाठी पब्लिक ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी झाली, ट्रान्सपर्थ नावाने जे चालतं ते सगळं तिच्याखाली. २००८ नंतर बार्नेट सरकारने विभाग परत वेगळे केले. २०१७ ला मॅकगोवन यांचं लेबर सरकार आल्यावर रीटा सॅफिओटी यांच्याकडे पुन्हा दोन्ही खाती एकत्र आली आणि मेट्रोनेटची, म्हणजे रेल्वे वाढवण्याची, कामं निघाली. म्हणजे रेल्वे मोठ्या प्रमाणावर वाढली त्या दोन्ही वेळा जमीन आणि रूळ एकाच टेबलावर होते. याला मी योगायोग मानत नाही.

अजून एक. सप्टेंबर २००३ ला त्यांनी "डायलॉग विथ द सिटी" नावाचा प्रकार केला होता. फ्रीमँटलच्या जहाजांच्या पॅसेंजर टर्मिनलमध्ये साधारण ११०० लोक एका दिवसासाठी बसवले, गोल टेबलं मांडून. बिल्डर, पर्यावरणवाले, नगरपालिकेचे लोक, आणि चिठ्ठ्या काढाव्यात तसे निवडलेले साधे नागरिक. प्रश्न एकच, पर्थ आणखी पसरू द्यायचं की आहे त्यात दाट करायचं. टेबलावर कॉम्प्युटर, चर्चा झाली की लगेच मत नोंदवायचं. त्यातून "नेटवर्क सिटी" हा आराखडा निघाला. त्याचं पुढे जितकं व्हायला हवं होतं तितकं झालं नाही, शहर उत्तर-दक्षिण पसरतच राहिलं, पण आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात त्याच्याशी ताडून बघा. हरकत घ्यायची तर माणूस एकटा जातो, रांगेत उभा राहतो, अर्ज देतो आणि घरी येतो. इथे बिल्डर आणि भाडेकरू एका टेबलाला बसले होते आणि एकमेकांचं ऐकावं लागत होतं.

---

काळी_माती

रेल्वेवाल्यांनी धागा पळवला आहे, आता थोडं शेतीबद्दल. मी मूळचा अकोला जिल्ह्यातला, शिक्षण अ‍ॅग्रीचं, सध्या ग्रेट सदर्न भागात मेंढ्या आणि गव्हाच्या पट्ट्यात काम करतो. आमच्याकडे मॅकटिअर्नन हे नाव काढलं की चहाच्या टेबलावर दोन तट पडतात, कारण आमच्यासाठी त्या २०१७ ते २०२२ च्या कृषिमंत्री.

सुरुवातच अवघड झाली. जुलै २०१७ ला सरकारने कृषी, मत्स्य आणि प्रादेशिक विकास असे विभाग एकत्र करून एकच मोठा विभाग केला, शेतकऱ्यांना वाटलं आपलं खातं बुडालं. त्यात एप्रिल २०१८ ला टीव्हीवर अवासी एक्स्प्रेस जहाजाचं चित्रण आलं. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये फ्रीमँटलहून आखाती देशांत मेंढ्या घेऊन निघालेलं जहाज, उष्म्याने साधारण २४०० मेंढ्या मेल्या होत्या, मेलेल्या मेंढ्यांच्या चिखलात जिवंत मेंढ्या तोंड वर करून धापा टाकतायत. मी स्वतः मेंढ्यांमध्ये वावरणारा माणूस, मला पूर्ण बघवलं नाही. जिवंत जनावरांची निर्यात केंद्राच्या अखत्यारीत, पण प्राणी कल्याणाचा कायदा राज्याचा, आणि बाईंनी त्या कायद्याखाली चौकशी लावली आणि उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात जहाजं पाठवू नयेत अशी भूमिका घेतली. शेतकरी भडकले. मेंढ्यांचा भाव बंदरावर ठरतो, जहाज नाही म्हणजे खाटीकखान्याची मर्जी.

माझं मत विचाराल तर ते चित्रण बघितल्यावर गप्प बसणारा कृषिमंत्री मला नको होता. पण पाठोपाठ आमच्या भागात कत्तलखान्यांची क्षमता आणि मनुष्यबळ वाढवायला पैसा यायला हवा होता, तो पुरेसा आला नाही. आता केंद्राने कायदाच केलाय, मे २०२८ पासून समुद्रमार्गे मेंढ्या पाठवणं बंद. जे गाव फक्त मेंढ्यांवर आहे त्याचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाच हातात घ्यायला हवा होता.

चांगलं पण लिहितो. जंगली कुत्र्यांसाठी जी सरकारी कुंपणाची भिंत आहे, मूळची शंभर वर्षांपूर्वीची सशांसाठी घातलेली, ती एस्परन्सकडे ६६० किलोमीटर वाढवायचं काम त्यांच्या काळात मार्गी लागलं. एका रात्रीत दोन कुत्री कळपात शिरली तर सकाळी काय दिसतं हे ज्याने बघितलंय त्याला या कुंपणाची किंमत कळेल. आणि जमिनीच्या कसावर त्या मनापासून बोलायच्या. जमिनीतला कर्ब, आच्छादन, रासायनिक खत कमी करत नेणं, हे मुद्दे त्यांनी सरकारी कार्यक्रमांत आणले तेव्हा अनेक जुने शेतकरी आणि शास्त्रज्ञ त्यांच्यावर रागावले, पुरावा दाखवा म्हणाले. इकडची जमीन वाळूची, सेंद्रिय कर्ब अगदी कमी, विदर्भातल्या आमच्या काळ्या जमिनीशी तुलनाच नाही. पण प्रयोग तरी करून बघा म्हणणारा मंत्री मला तरी हवा.

---

मेघना_बुलक्रीक

@काळी_माती तुमचा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेखच झाला, प्लीज स्वतंत्र धागा काढा.

दादा, तू म्हणाला होतास पुढची कारकीर्द लिहितो, राहिलं की ते. २००८ ला सरकार पडलं, मग २०१७ पर्यंत काय?

---

स्वानकाठी

हो लिहितो. २०१० ला त्यांनी आर्माडेलची हक्काची जागा सोडली आणि केंद्रातल्या कॅनिंग मतदारसंघातून लिबरलच्या डॉन रँडल यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, थोडक्यात हरल्या. म्हणजे सात वर्षं राज्याचं सगळ्यात मोठं बांधकाम खातं सांभाळलेली बाई एकदम घरी. सत्तावन्न वय. बहुतेक लोक इथे कुठल्यातरी कंपनीच्या बोर्डावर जाऊन बसतात. या २०११ ला सिटी ऑफ व्हिन्सेंटच्या महापौर झाल्या. व्हिन्सेंट म्हणजे लीडरव्हिल, नॉर्थ पर्थ, माउंट हॉथॉर्न वगैरे पट्टा, शहराला लागून असलेली छोटी नगरपालिका. फुटपाथ, झाडं, दुकानांच्या परवानग्या, पार्किंगचे मीटर अशी कामं.

२०१३ ला पर्थ मतदारसंघातून केंद्रात खासदार झाल्या, त्या निवडणुकीत लेबरचं देशभर पानिपत होत असताना. एकच टर्म, सगळी विरोधी बाकांवर, २०१६ ला परत उभ्या राहिल्या नाहीत. आणि २०१७ ला पुन्हा राज्याच्या विधान परिषदेत आणि थेट मंत्रिमंडळात, प्रादेशिक विकास आणि कृषी. नंतर बंदरं, २०२१ पासून हायड्रोजन उद्योग. डिसेंबर २०२२ ला मंत्रिपद सोडलं आणि २०२३ च्या सुरुवातीला सभागृहही.

मला यातलं काय भावतं ते सांगतो. मोठ्या खात्याची मंत्री राहिल्यावर नगरपालिकेत जाणं त्यांनी कमीपणाचं मानलं नाही. काम जिथे आहे तिथे जायचं. आपल्याकडे माजी मंत्री नगरपालिकेला उभा राहिला तर पेपरात पहिली बातमी "अवनती" अशीच येईल, आणि त्याचे कार्यकर्तेच त्याला उभं राहू देणार नाहीत.

---

लीचहायवे

@स्वानकाठी महापौरपदाचं पटलं. त्यांच्यानंतर व्हिन्सेंटला जॉन केरी महापौर झाले आणि तेही पुढे राज्यात मंत्री झाले, म्हणजे ती पायरी तिथे चांगलीच रुळली.

एक भर घालतो कारण रेल्वेवाल्यांना आवडेल. ज्या केनविक मार्गाला बाईंनी नकार दिला त्यातला पूर्व-पश्चिम जोडणारा तुकडा वाया गेला नाही. थॉर्नलीचा फाटा त्यांनी २००५ ला केला तो मालगाडीच्या पट्ट्याला लागूनच संपत होता, आणि २०२५ ला तोच फाटा पुढे कॉकबर्न सेंट्रलपर्यंत नेऊन मँडुरा लाइनला जोडला. म्हणजे सरळ जाणाऱ्यांना सरळ मार्ग आणि आडवं जाणाऱ्यांना आडवा, दोन्ही मिळालं. हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही, मी स्वतः कॉकबर्नहून ट्रेन पकडतो.

आणि रॉकिंगहॅमचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, तिथलं स्टेशन गावाच्या मध्यवस्तीपासून दूर आहे, समुद्रकिनारी जायचं तर बस घ्यावी लागते. लाइन सरळ ठेवायची किंमत त्या गावाने मोजली.

---

रुळप्रेमी_डोंबिवली

थॉर्नली-कॉकबर्नचा नकाशा काढून बघितला, अगदी बरोबर, मस्त माहिती.

शेवटचा प्रश्न. विधानसभा सोडली, केंद्रात गेल्या, मग परत विधान परिषदेवर. मंत्री परिषदेतला असला तर चालतो हे समजलं, पण परिषदेसाठी मतदारसंघ कसा असतो? कारण कुठे ईस्ट मेट्रोपॉलिटन लिहिलंय आणि कृषिमंत्री झाल्या तर शेतीच्या भागातून निवडून आल्या होत्या का?

---

काळी_माती

@रुळप्रेमी याचं उत्तर मी देतो कारण आमच्याकडे हाच आक्षेप होता. तेव्हा राज्याचे सहा विभाग होते, तीन शहरी तीन ग्रामीण, आणि प्रत्येकातून सारखेच सहा सदस्य. पक्षाच्या यादीवर मतदान. २०१७ ला बाई नॉर्थ मेट्रोपॉलिटन म्हणजे पर्थच्या शहरी विभागातून आल्या आणि खातं मिळालं शेतीचं, म्हणून लोक म्हणायचे की शहरातली वकीलबाई आम्हाला मेंढ्या शिकवणार का. २०२१ ला त्या साउथ वेस्ट विभागातून उभ्या राहिल्या, तिथे डेअरी, द्राक्षं, सफरचंदं सगळं आहे, आणि निवडून आल्या.

ते सहा विभाग आता राहिले नाहीत. ग्रामीण भागात मतदार कमी आणि सदस्य मात्र शहराइतकेच, त्यामुळे आमच्या एका मताचं वजन शहरी मताच्या कितीतरी पट होतं. मॅकगोवन सरकारने २०२१ ला कायदा बदलला, त्या तेव्हा मंत्रिमंडळात होत्याच, आणि २०२५ च्या निवडणुकीपासून सगळं राज्य मिळून एकच मतदारसंघ, ३७ सदस्य. इकडचे शेतकरी त्याबद्दल अजून नाराज आहेत. मला विचाराल तर एक माणूस एक मत बरोबरच आहे, पण मग आमच्या भागातला आमदार नक्की कोण, कुंपण तुटलं तर फोन कोणाला करायचा, याचं उत्तर त्या कायद्यात दिलेलं नाही.